सह्या गोळा करून सोलापूरचा कारभार बदलता येईल का?

प्रश्न विचारणारे जुळे सोलापूरचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचा भाचा अमेरिकेत पोर्टलंडला असतो. तिथल्या नागरिकांनी मतदान करून शहराचा कारभार चालवायची पद्धतच बदलून टाकली, हे त्याने मामांना सांगितले. मामांचा सवाल सरळ आहे: "आपल्याकडे महापौर नुसता फीत कापायला आणि सगळी सूत्रे आयुक्तांकडे. आम्ही हद्दवाढ भागातले लोक लाखभर सह्या गोळा केल्या तर थेट जनतेतून निवडलेला, अधिकार असलेला महापौर मिळवता येईल का? कायद्यात वाट काय आहे?"

सत्तावीस वर्षे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यात वकिली केली. हद्दवाढ, प्रभागरचना, अपात्रता, हरकती, यातच केस पांढरे झाले. म्हणून आधी कटू ते सांगतो. सह्यांनी होणार नाही. लाख काय, पाच लाख सह्या नेल्या तरी त्या मंत्रालयात "प्राप्त" म्हणून नोंदल्या जातील. शहराची कारभारपद्धत बदलण्यासाठी नागरिकांनी मतदान मागावे आणि ते सरकारवर बंधनकारक व्हावे, अशी तरतूद आपल्या महापालिका कायद्यात नाही. स्थानिक स्वराज्य हा विषय राज्यघटनेने राज्य विधिमंडळाकडे दिला. महापौर कसा निवडायचा हेही कलम 243-आर खाली विधिमंडळच ठरवते. सोलापूरची पद्धत सोलापुरात लिहिलेली नाही, ती 1949 च्या महानगरपालिका अधिनियमात आहे. 1 मे 1964 रोजी नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हा हा तयार सदरा आपल्या अंगावर चढला. माप कोणी घेतले नव्हते.

(सोलापूरकरांनी सरकारला न विचारता शहराचा कारभार बदलला तो एकदाच, मे 1930 मध्ये. काही दिवस इंग्रजांचा अंमल शहरात उरला नव्हता, मग मार्शल लॉ आला. पुढे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. चौकातल्या पुतळ्यांवरून रोज गाडी नेतो आपण, म्हणून आठवण केली.)

आता भाच्याच्या पोर्टलंडकडे येऊ, कारण त्या गोष्टीतली खरी गंमत मामांपर्यंत पोचलेली नाही. ते साधारण साडेसहा लाखांचे शहर. तिथे शंभराहून अधिक वर्षे अशी रीत होती की महापौर आणि चार निवडून आलेले कमिशनर खाती वाटून घेत आणि स्वतःच चालवत. पाणी एकाकडे, रस्ते दुसऱ्याकडे. या कमिशनरांना आपल्या आयुक्तांसारखे समजू नका, ते मते मागून आलेले असत. तिथल्या सनदेनुसार, म्हणजे शहराच्या स्वतःच्या मूळ कायद्यानुसार, दर दहा वर्षांनी वीस नागरिकांचा आयोग बसतो. वीसपैकी पंधरांचे एकमत झाले की प्रस्ताव थेट मतदारांपुढे जातो. 2022 च्या नोव्हेंबरात तो गेला आणि मंजूर झाला. जानेवारी 2025 पासून तिथे चार प्रभाग आहेत, प्रत्येकात तीन नगरसेवक, आणि खाती चालवायला एक नेमलेला प्रशासकीय अधिकारी.

म्हणजे पाहा, त्यांनी निवडून आलेल्यांच्या हातातून खाती काढली आणि बहुसदस्यीय प्रभाग आणले. आपण ज्याच्या नावाने खडे फोडतो, नेमके तेच दोन्ही.

फरक एकाच जागी आहे. तिथल्या त्या अधिकाऱ्याला महापौर नेमतो आणि नगरसेवकांची सभा मान्यता देते. आपल्या आयुक्तांच्या नेमणुकीचा कागद मुंबईहून येतो आणि बदलीचाही तिथूनच. माझ्या मते सगळा प्रश्न या एका कागदाचा आहे. अधिकारी असणे यात काहीच वाईट नाही. नऊ-साडेनऊ लाखांच्या शहराला (2011 च्या जनगणनेत 9,51,558) पाणीपुरवठा, ड्रेनेज, कर आकारणी सांभाळणारा जाणकार माणूस लागतोच. त्याला जाब विचारणारे इंद्रभुवनात, म्हणजे आपल्या महापालिकेच्या इमारतीत, बसतात की मंत्रालयात, एवढाच मुद्दा.

कलमांची भाषा थोडी सहन करा. कलम 36 प्रमाणे आयुक्त राज्य सरकार नेमते. कलम 67 प्रमाणे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे. महासभा धोरण ठरवते, सोळा जणांची स्थायी समिती खर्चाला आणि ठेक्यांना मंजुरी देते. महापौर अडीच वर्षांसाठी नगरसेवकांमधून निवडला जातो आणि सभा चालवतो. ही मूळ मुंबईची रीत. आर्थर क्रॉफर्ड 1865 मध्ये तिथले पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले, तेव्हा सभाही नेमलेलीच होती. 1872 च्या कायद्याने सभेत निवडणूक आली आणि नेमलेला अधिकारी आणि निवडलेली सभा अशी जोडी चालत आली. इंग्रजांचा निवडून आलेल्या नेटिवांवर भरवसा नव्हता, म्हणून किल्ली आपल्या माणसाकडे ठेवली. इंग्रज गेले, किल्लीची जागा तीच राहिली.

महासभेला आयुक्त नकोसे झाले तर? तशी तरतूद आहे: एकूण नगरसेवकांपैकी पाच अष्टमांशांनी ठराव केला तर सरकारने त्यांना परत बोलवायचे. सोलापूरच्या 102 मध्ये हा आकडा 64 येतो. आपले एकेकाळचे जिल्हाधिकारी तुकाराम मुंढे नवी मुंबईत आयुक्त असताना ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांच्यावर असाच अविश्वास ठराव झाला, प्रचंड बहुमताने. तरी सरकारने त्यांना लगेच हलवले नाही. बदली झाली ती 2017 च्या मार्चमध्ये, सरकारच्या सवडीने. तेव्हा लोक नगरसेवकांच्या नव्हे, मुंढ्यांच्या बाजूने बोलत होते, हेही ध्यानात असू द्या. आयुक्त नकोत म्हणणारे नागरिक आणि आयुक्त नकोत म्हणणारे नगरसेवक यांची कारणे क्वचितच एक असतात.

उलट दिशेने कलम 451 आहे. महासभेचा ठराव कायद्याविरुद्ध किंवा लोकहिताविरुद्ध वाटला तर सरकार तो आधी निलंबित आणि मग विखंडित, म्हणजे कायमचा रद्द, करू शकते. विखंडन हा शब्द ज्याने एकदा ऐकला, त्याला महासभेच्या ठरावाचे वजन किती ते कळते.

थेट महापौराची मागणी अगदीच हवेतली नाही. इंदूर-भोपाळला महापौर थेट लोक निवडतात आणि त्याच्या हाताखाली नगरसेवकांचे छोटे मंत्रिमंडळ असते. बिहारमध्ये 2022 पासून थेट निवड आहे. महाराष्ट्रानेही 1998 मध्ये मुंबई आणि नागपूरला 'मेयर इन कौन्सिल', म्हणजे महापौराचे मंत्रिमंडळ, आणून पाहिले आणि 1999 मध्ये गुंडाळले. नगरपरिषदांचे तर विचारू नका. नगराध्यक्ष 2001 च्या सुमारास थेट जनतेतून, 2006 मध्ये नगरसेवकांतून, 2016 मध्ये पुन्हा थेट, 2020 मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, 2022 मध्ये परत थेट. बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटच्या मतदाराने एका आयुष्यात किती पद्धती पाहिल्या! आणि या पाच उड्यांपैकी एकही त्याला विचारून मारली नाही. ज्या पक्षाला थेट निवड सोयीची तो आणतो, गैरसोयीची तो काढतो.

म्हणून या मागणीत मी हात आखडता घेतो. थेट निवडलेला नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचे, असे झाले की काय होते ते पाहायला लांब जायला नको. विषयपत्रिका निघते, सभा तहकूब होते, गटारीचे काम अडकते आणि दोघेही पत्रकार परिषद घेतात. कलम 67 तसेच ठेवून नुसता महापौर थेट निवडला तर फीत कापणारा हात अधिक मतांनी निवडून येईल, इतकेच. परवा सात रस्त्यावर चहा पिताना माझ्याच अशिलाने मला सुनावले, "वकीलसाहेब, महापौर बदलून नळाला रोज पाणी येतंय का बे?" उजनी भरलेले असतानाही चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हा प्रश्न विचारायचा हक्क सगळ्यांना आहे.

परत बोलावण्याचा हक्कही अनेक जण मागतात. मध्य प्रदेशात तो आहे. अनूपपूरला 2001 मध्ये नगराध्यक्षा पल्लविका पटेल यांना मतदारांनी तसे घरी बसवले. मतपत्रिकेवर खुर्ची असते, एक रिकामी आणि एक भरलेली, एकीवर शिक्का मारायचा. पण तो खेळ सुरू करतात नगरसेवक, तीन चतुर्थांश सह्यांनी. नागरिक शेवटी येतो.

आता मामांच्या प्रश्नाचे दुसरे अंग. कारभाराची पद्धत म्हणजे फक्त महापौर नव्हे. हद्द कुठवर, नगरसेवक किती, प्रभाग एकाचा की चौघांचा, कंत्राट कोण मंजूर करतो, हे सगळे त्यातच येते. आणि हे सतत बदलत असते, आपल्याला पत्ता लागत नाही. सोलापुरात गेल्या दहा वर्षांत ते किमान तीनदा बदलले.

एकदा 2016 मध्ये. स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपण आलो, फटाके वाजले. त्याबरोबर सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड नावाची कंपनी आली. कंपनी कायद्याखाली नोंदलेली, राज्य आणि महापालिका यांची निम्मी-निम्मी भागीदारी. शहराच्या मोठ्या कामांचे निर्णय महासभेच्या सभागृहातून उठून संचालक मंडळाच्या टेबलावर गेले. हा कारभारपद्धतीतला बदल नाही तर काय आहे? किती जणांनी त्यावर हरकत लिहिली?

दुसऱ्यांदा मार्च 2022 मध्ये. नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन गुंत्यात अडकली आणि आयुक्तच प्रशासक झाले. आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा, प्रशासक म्हणून मंजूर करायचा. घटनेप्रमाणे मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक व्हायला हवी, पण ही तात्पुरती सोय जवळपास चार वर्षे चालली. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये बजावले, तेव्हा कुठे 15 जानेवारी 2026 ला मतदान झाले. ऐन सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत. नंदीध्वज आणि प्रचाराच्या रिक्षा एकाच आठवड्यात पाहिलेले आपण नशीबवान.

तिसरा बदल प्रभागांचा. 2017 ला 26 प्रभाग, बहुतेक चौघांचे, एकूण 102 नगरसेवक. 2022 च्या आराखड्यात तिघांचे प्रभाग, 38 प्रभाग आणि 113 नगरसेवक. तो आराखडा सरकार बदलल्यावर रद्द होऊन पुन्हा चौघांवर आणि 102 वर आलो. मधल्या काळात एकसदस्यीय वॉर्डाचाही कायदा होऊन गेला. चौघांच्या प्रभागात नळ फुटला तर कोणाला फोन करायचा हे शेळगीच्या माणसाला अजून कळलेले नाही. चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

या सगळ्या बदलांत नागरिकाला कायद्याने दिलेली एकच खिडकी असते: हरकती व सूचना. हद्द बदलायची असो, ग्रामपंचायतीची नगरपंचायत करायची असो, नगरपरिषदेची महापालिका, प्रभागांची रचना, दरवेळी आधी प्रारूप निघते आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते. हद्दीसाठी साधारण तीस दिवस. प्रभागरचनेला त्याहून बरीच कमी. ती खिडकी उघडलेली असताना आपण लग्नाला गेलेलो असतो, आणि बंद झाल्यावर मोर्चा काढतो.

इथे एक प्रसंग सांगतो. दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या नगरपरिषदेची हद्दवाढ होती. गावाचे नाव घेत नाही. शेजारच्या गावाला नगरपरिषदेत जायचे नव्हते. पुढाऱ्यांनी एक मजकूर झेरॉक्स करून तीन हजारांवर सह्या घेतल्या. सुनावणीच्या दिवशी टेबलावर गठ्ठे, वर दोऱ्या बांधलेल्या. अधिकाऱ्यांनी वरचा कागद वाचला, "एकाच आशयाच्या आहेत ना?" म्हणाले आणि तीन हजार हरकतींची एक हरकत झाली. अहवालात दीड ओळ: विरोध आहे, कारण कर वाढेल. फेटाळली. सगळ्यात शेवटी पापडाचा गृहउद्योग चालवणाऱ्या एक बाई उठल्या. पिशवीतून सातबारा, ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती, लाईट बिल आणि तलाठ्याकडचा नकाशा काढला. नव्या हद्दीची रेषा त्यांच्या गटातून जात होती. घर शहरात, पापड वाळत घालायचे पटांगण आणि विहीर गावात. "साहेब, पाणीपट्टी कोणाला भरू?" एवढेच विचारले. त्या गटापाशी अधिकाऱ्यांनी पेन्सिलीने खूण केली. अंतिम अधिसूचनेत रेषा ओढ्यापर्यंत सरकली आणि त्यांच्यासह अकरा घरे वाचली. तीन हजारांच्या गठ्ठ्याने जे झाले नाही ते एका पिशवीने केले. तो गठ्ठा बांधायचा सल्ला माझाच होता, हे कबूल करतो. त्यानंतर तसला सल्ला कोणाला दिला नाही.

म्हणून हरकत लिहिताना "आमचा विरोध आहे" हे वाक्यच लिहू नका. प्रभागरचना असेल तर प्रगणक गटाचा, म्हणजे जनगणनेसाठी पाडलेल्या घरांच्या गटाचा, क्रमांक लिहा. राज्य निवडणूक आयोगाचे नियम असे असतात: प्रगणक गट शक्यतो फोडायचा नाही, प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के आत-बाहेर चालते, हद्द मोठा रस्ता, नाला, रेल्वेलाईन अशी नैसर्गिक असावी, प्रभागांचा क्रम उत्तरेकडून सुरू व्हावा. तुमचे नगर नाल्याच्या अलीकडे आणि प्रभाग पलीकडे असेल तर नकाशावर तो नाला दाखवा. दुसरा पर्याय स्वतः आखून, लोकसंख्येची बेरीज करून जोडा. अधिकाऱ्याला आयता तोडगा मिळाला की तो निम्म्या वेळा घेतो. कष्ट वाचतात त्याचे. आवक-जावकमध्ये द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या, सुनावणी मागितल्याचे लिहा आणि सुनावणीला स्वतः जा. हरकत देऊन सुनावणीला न जाणे म्हणजे नवस बोलून यात्रेला न जाणे. आणि हे आधीच करा, कारण प्रभागरचना एकदा अंतिम झाली की 243-झेडजी कलम न्यायालयाचे दार बरेचसे लावून घेते.

मग ग्रामपंचायतीची नगरपरिषद होते ती कशी? तिथे लोकांचा रेटा चालतो, हे आपल्याच जिल्ह्यात दिसले. अकलूज ही भली मोठी ग्रामपंचायत. नगरपरिषदेची मागणी अडकून पडली होती. 2021 मध्ये अकलूज आणि नातेपुतेकरांनी कित्येक आठवडे साखळी उपोषण केले, ऑगस्टमध्ये अधिसूचना निघाली, अकलूजला नगरपरिषद आणि नातेपुतेला नगरपंचायत मिळाली. पण उपोषणाच्या मागे कागद पक्के होते: लोकसंख्या पंचवीस हजारांच्या वर, शेतीबाहेरचा रोजगार पस्तीस टक्क्यांच्या वर, हे कायद्याचे निकष अकलूज पुरे करत होते. इचलकरंजीला 2022 मध्ये महापालिका मिळाली, तीही आपल्यासारखीच यंत्रमागाची पेठ. निकष बसत असतील तर रेटा दार उघडतो. नसतील तर मंडपाचे भाडे वाया जाते.

बाहेर पडायचा रस्ताही आहे, फक्त लांब. पुण्याजवळची फुरसुंगी आणि उरुळी देवाची 2017 मध्ये महापालिकेत गेली. करांचे आकडे पाहून लोक हबकले, पाण्याचा पत्ता नव्हता. पाठपुरावा करून 2024 मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. सात वर्षे लागली. हे ऐकून आपल्या हद्दवाढ भागात कोणाला हुरूप येईल. 1992 मध्ये बाळे, केगाव, देगाव, शेळगी, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी ही गावे आत आली आणि शहर 33 चौरस किलोमीटरवरून 178 वर गेले. एवढ्या पसाऱ्याला ड्रेनेज पुरवता पुरवता तीस वर्षे गेली, "हद्दवाढ भाग" हे नाव काही पुसले नाही. पण आता फुटून निघणे वेडेपणा ठरेल. उजनीची पाईपलाईन कोणाच्या नावावर करणार?

महासभेच्या ठरावाबद्दल थोडे. नव्याने निवडून आलेल्यांकडून मामा एक काम नक्की करून घेऊ शकतात. आयुक्तांच्या नेमणुकीपूर्वी महासभेचे मत घ्यावे, किंवा महापौरांना ठरावीक कार्यकारी अधिकार द्यावेत, अशी अधिनियमात दुरुस्ती करण्याची शिफारस करणारा ठराव. त्याला सूचक लागतो, अनुमोदक लागतो आणि कलमाचा नेमका मजकूर लागतो. "महापौरांना अधिकार मिळावेत" असा मोघम ठराव नगरविकास विभागात दफ्तरी दाखल होतो. कुठल्या कलमात कुठला शब्द बदलायचा ते लिहिलेला ठराव निदान विधी विभागापर्यंत फिरतो. तो सरकारवर बंधनकारक नाही. पण चार-पाच महापालिकांनी एकाच मसुद्याचा ठराव केला तर आमदाराला अशासकीय विधेयक मांडायला तोंड मिळते. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही असते, तिथे आमदारामार्फत नागरिकाचा अर्ज जातो. फार थोडे लोक तो वापरतात.

आणि आता ज्यासाठी एवढे लिहिले ते. थेट महापौराच्या नादात एक गोष्ट सगळे विसरलेत: क्षेत्रसभा. केंद्राच्या नेहरू नागरी अभियानाचा निधी हवा म्हणून राज्याने 2009 मध्ये अधिनियमात क्षेत्रसभेची कलमे घातली. गावाला ग्रामसभा असते तशी शेजारच्या काही मतदान केंद्रांची मिळून एक सभा, त्या भागातला प्रत्येक मतदार सदस्य, नगरसेवक अध्यक्ष. कामांचा अग्रक्रम सुचवायचा, पाणी-दिवे-सफाईतली उणीव दाखवायची, योजनांचे लाभार्थी सुचवायचे. नगरसेवकाने दोन वर्षांत किमान चार सभा घ्यायच्या आणि न घेतल्यास त्याच्या पदावर गदा येऊ शकते. अहो, हे छापलेले आहे! विधेयक नको, मंत्रालय नको, उपोषणही नको. पंधरा वर्षे पुस्तकात पडून आहे, कारण नगरसेवकाला ती नको आहे आणि नागरिकाला ती माहीत नाही. प्रभाग समित्यांचेही तेच. त्यांत स्वयंसेवी संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. तिथे कोणाची वर्णी लागते ते तुम्हीच पाहा.

मामा, जुळे सोलापुरातल्या चार-पाच मतदान केंद्रांची यादी घ्या. निवडणूक शाखेत मिळते. तुमच्या प्रभागातल्या चारही नगरसेवकांना एकाच तारखेचे वेगवेगळे पत्र द्या: आमच्या भागाची क्षेत्रसभा कधी घेता? प्रत आयुक्तांना, प्रत झोन ऑफिसला. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात विचारा: क्षेत्रे निश्चित केली का, केली असल्यास यादी द्या, प्रत्येक नगरसेवकाने घेतलेल्या सभांच्या तारखा आणि इतिवृत्ताची प्रत द्या. "निरंक", म्हणजे काहीच नाही, असे उत्तर आले तर ते जपून ठेवा. मी त्याला सोने समजतो. पुढे न्यायालयात जायची वेळ आली तर पहिला जोडकागद तोच. आता त्यासाठी मुंबईच्या गाडीत रात्र काढावी लागत नाही. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात बसते आणि सोलापूर जिल्हा त्याच्याकडे आहे.

नगरसेवक बोलावतीलच असे नाही. बोलावले तर पहिल्या सभेला वीस माणसे येतील, त्यातली सहा नगरसेवकाची. भांडण गटारीवरून होईल. इतिवृत्त कोण लिहितो तेवढे मात्र पाहा. तो कागद तुमच्यातल्या कोणी तरी लिहावा. शाळेत तीस वर्षे हजेरीपट भरलेल्या माणसाला हे काम जमणार नाही असे मला वाटत नाही. सभेच्या आदल्या दिवशी मसुदा घेऊन या, पार्क चौकातल्या ऑफिसात संध्याकाळी सहानंतर असतो. फी नको, येताना शेंगाचटणी आणा.